पॅन इन्चार्ज

विरजण मागायला आलेला माणूस दोन मिनिटांत परत जातो, अशी माझी भाबडी समजूत होती. परवा वरच्या मजल्यावरचे काका सहा वाजून दहा मिनिटांनी वाटी घेऊन आले, साडेसातला गेले, आणि विरजण न्यायचंच विसरून गेले. मधल्या एक तास वीस मिनिटांत एका बिचाऱ्या पॅनचं काय झालं ते सांगते. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा मजकुराला कुठे करपल्याचा वास आला तर समजून घ्या.

न्यू जर्सीत कामावरून घरी आल्यावर एका भांड्यात होणारं जेवण ही चैन नसते, नाइलाज असतो. बीफचा खिमा, कांदा, लसूण, पास्ता, क्रीम, चीज, सगळं एका पसरट पॅनमध्ये. पाऊण तासात ताटात, आणि घासायला भांडं एकच. अमेरिकन घरांतली ही जुनी सोय आहे. 1971 साली हॅम्बर्गर हेल्पर नावाचा खोका इथल्या दुकानांत आला. खिमा तुमचा, पास्ता आणि मसाल्याची पूड खोक्यातली. दिवस मांस महागल्याचे होते. 1973 च्या एप्रिलमध्ये तर इथल्या गृहिणींनी आठवडाभर मांसावर बहिष्कार टाकला होता. थोडक्या खिम्यात घरदार जेवतं म्हटल्यावर खोका खपला. त्या खोक्यावर चार बोटांचा एक पांढरा हातमोजा हसत असतो. मी खोका वापरत नाही, पण मोज्याबद्दल मला आदर आहे. तो मदत करतो आणि बोलत नाही.

काका सांगलीकडचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. चौतीस वर्षं साखर कारखान्यात नोकरी, त्यातली शेवटची बारा पॅन इन्चार्ज म्हणून. उसाच्या रसाचा पाक झाला की तो व्हॅक्यूम पॅनमध्ये जातो आणि तिथे साखरेचा दाणा धरतो. एकेक पॅन साठ-साठ टनांचा. तो चालवतो तो पॅनमन, आणि सगळ्या पॅनमनांच्या डोक्यावर पॅन इन्चार्ज. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दार उघडून एवढंच म्हणाले, "बसा काका, विरजण देते. गॅसवर पॅन ठेवलाय."

"पॅन?" काकांनी चप्पल काढली.

आता पॅनमध्ये काय होतं ते आधी सांगते. 450 ग्रॅम खिमा, म्हणजे इथला एक पौंड, पाकिटावर 80/20 लिहिलेला. याचा अर्थ शंभरात वीस भाग चरबी. पॅन बारा इंची, काठ उंच. असा खिमा तापलेल्या पॅनमध्ये पसरून दाबायचा आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. हीच पायरी लोक घालवतात. सारखं हलवलं की मांस पाणी सोडतं, आणि पाणी असेतो पॅनचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. खरपूस रंग धरायला 140 च्या पुढची धग लागते. नाहीतर खिमा भाजत नाही, उकडतो. राखाडी होतो, आणि वर कितीही चीज ओतलं तरी राखाडीच लागतो.

"हलव की गं, खाली लागंल," काका म्हणाले.

"लागू द्यायचंय, काका."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर असं कुणी बोललं नसावं. ते जवळ येऊन वाकले आणि दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, आधीच सांगून टाकलेलं बरं.

"काका, हे बीफ आहे हं."

काका दोन पावलं मागे सरले आणि लगेच दीड पाऊल पुढे आले.

"मी विचारलं होतं का?"

"नाही, पण..."

"मग सांगितलंस कशाला? आता ऐकलं म्हणजे पंचाईत. असं कर, मी ऐकलंच नाही. तू नुसतं 'ते' म्हण."

इथे हसायला हरकत नाही, मीही हसले. पण मी वसईची. आमच्याकडे ते काही गुपित नव्हतं. 2015 साली बैलाच्या मांसावरही बंदी आल्यापासून तिकडे म्हशीवर भागतं, एवढाच फरक. गुपित शाळेत होतं. डब्यात 'ते' असलं की मी झाकण अर्धंच उघडायची. आता स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या पैशाने आणलेल्या खिम्याला मी पुन्हा 'ते' म्हणत होते, आणि विरजण मागायला आलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणत होते.

असो. 'ते' भाजून झालं. 80/20 च्या एका पौंडात 90 ग्रॅमच्या आसपास चरबी असते. सुटलेल्यातली चमचाभर ठेवायची, बाकीची रिकाम्या डब्यात ओतायची. सिंकमध्ये ओतली तर ती पाइपात थिजते आणि प्लंबरची सोय होते. मग बारीक कांदा, चार पाकळ्या लसूण, दोन चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्टचा लाल रंग विटकरी होईपर्यंत, दीडेक मिनिट, परतायची. कच्ची राहिली तर सगळ्याला डब्याची चव येते. तळाला जे चिकटलंय ते रस्सा, म्हणजे तयार मिळणारा स्टॉक, घालून खरवडून काढायचं. खरी चव तिथेच असते, म्हणून तर लागू द्यायचं. रस्सा 600 मिली, बीफचाच, पण कमी मिठाचा. तो आटणार, वरून चीज खारट. साध्या मिठाचा घेतलात तर शेवटी समुद्र होतो. त्यात 225 ग्रॅम शंखाच्या आकाराचा पास्ता, इथल्या खोक्याचा अर्धा. शंख अशासाठी की खिमा त्यात शिरून बसतो. पहिली दोन मिनिटं नीट हलवायचं, कारण पास्ता एकमेकांना चिकटतो तो तेव्हाच. मग आच मंद, झाकण, दहा-बारा मिनिटं.

मी झाकण ठेवलं. काकांनी काढलं.

"आणि हे वेळणार कधी?"

"वेळायचं नाही."

"वेळायचं नाही?"

बीफ ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना हे मात्र लख्ख ऐकू आलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पास्ता म्हणजे शेवटी एक प्रकारचा भात, आणि भात वेळायचा, वरचं पाणी काढून टाकायचं असतं. टीव्हीवर सगळे वेळतात, सूनही वेळते.

वास्तविक सगळा पदार्थ त्या न वेळण्यावर उभा आहे. कोरडा पास्ता आपल्या वजनाहून थोडं जास्तच पाणी पितो आणि बदल्यात पीठ सोडतो. मोठ्या पातेल्यात शिजवून वेळला की ते पीठ मोरीत जातं. इथे ते पॅनमध्येच राहतं, आणि त्यानेच रस्सा दाटतो, चीज आणि चरबी वेगळी न होता धरून राहते. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, पेज फेकतो का कुणी? मी काकांना म्हटलं, "पेज आहे असं समजा." ते म्हणाले, "पेज आजाऱ्याला."

मग दर मिनिटाला झाकण. वाफ गेली की वरचे शंख कच्चे राहतात आणि खालचे मऊ पडतात. मी हे सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि झाकण काढलं. त्यांना सॅम्पल हवं होतं. कारखान्यात प्रूफ स्टिकने पॅनमधला नमुना काढून काचेवर पसरतात आणि उजेडासमोर धरून दाणा बघतात. काकांनी माझ्या चमच्याच्या दांड्याने थेंब काढला, माझ्याच झाकणाच्या काचेवर पसरला, आणि झाकण दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला. रस्सा काचेवरून ओघळून त्यांच्या मनगटावर, तिथून ओट्यावर आणि माझ्या चार्जरवर आला.

"बॉडी नाही अजून," ते म्हणाले. "आमचा पॅन व्हॅक्यूमवर. पासष्ट-सत्तर अंशाला उकळतो. म्हणून पाक लाल पडत नाही. तुझा शंभरला उकळतोय."

"माझ्याकडे व्हॅक्यूम नाही, काका."

"तेच म्हणतोय मी."

यावर काय बोलायचं? ही माणसं अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हाच त्रास असतो. अर्धं बरोबर असतं, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर उरलेलं अर्धं आपल्या पॅनमध्ये शिरतं.

दहाव्या मिनिटाला पास्ता मधोमध किंचित टणक होता, म्हणजे बरोबर होता. रस्सा थोडा पातळ दिसत होता, तोही बरोबर. बंद केल्यावर पाच मिनिटांत आपोआप दाटतो. पॅनमध्येच हवा तसा दाट दिसला, तर ताटात लापशी येते. यानंतर आच अगदी कमी करून 120 मिली हेवी क्रीम घालायचं. दूध नको, टोमॅटोच्या आंबटपणाने आणि उकळीने ते फाटतं. क्रीममध्ये 36 टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो म्हणून ते तगतं. मग गॅस पूर्ण बंद. मिनिटभर थांबायचं आणि 115 ग्रॅम चेडर मूठमूठ टाकत हलवायचं. चेडर लादीतून स्वतः किसलेलं हवं. तयार किसाला सुटं राहावं म्हणून स्टार्च नाहीतर सेल्युलोज चोळलेलं असतं, त्याने सॉस खरखरीत होतो. आणि चीज कधीही उकळत्यात टाकू नये. फार तापलं की त्यातलं प्रथिन आखडून गोळे होतात आणि तेल बाहेर पडतं.

मी क्रीम घातलं, आच बारीक केली, आणि फ्रिजमधून चेडर काढायला वळले. किसायला दोन मिनिटं लागली असतील. परत आले आणि बटणाकडे न बघता चीज टाकलं. पॅन खदखदत होता.

"मंद पडला होता," काका म्हणाले. "जरा वाढवला."

डोळ्यांदेखत चीजचे बारीक रवाळ कण झाले आणि कडेने पिवळं तेल सुटलं. मी किंचाळायच्या बेतात होते, तेवढ्यात काका किंचाळले. आनंदाने.

"फॉल्स ग्रेन! बघ, बघ, फॉल्स ग्रेन आलं!"

पाक गरजेपेक्षा जास्त कडक झाला की हव्या त्या दाण्यांच्या मधे नको असलेला बारीक दाणा जन्मतो, त्याला कारखान्यात असं म्हणतात. त्यांनी ते माझ्या पॅनमध्ये ओळखलं होतं, न्यू जर्सीत, निवृत्तीनंतर सात वर्षांनी. एवढा आनंद झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. तो दाणा आणणारा तोच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"पाणी पाज त्याला," ते म्हणाले.

आणि हेही अर्धं बरोबर होतं. पॅन शेगडीवरून उचलायचा, दोन चमचे थंड क्रीम घालायचं आणि जोरात घोटायचं. तेवढ्याने नाही जमलं, तर प्रोसेस्ड चीजची एक-दोन पानं फाडून टाकायची. त्यात सोडियम सायट्रेटसारखी क्षारं असतात, ती आखडलेलं प्रथिन सैल करतात. आपल्या अमूलच्या क्यूबमध्येही तेच असतं. नव्वद टक्के सावरलं. दहा टक्के रवाळ राहिलं ते राहिलंच.

"आता पॅन सोड!" काकांनी हुकूम दिला. कारखान्यात पॅन सोडला की माल खालच्या टाकीत पडतो. इथे ताटं घ्यायची होती. पण काकांनी मधेच सांगलीच्या कुणा मित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि माझा पॅन त्याला दाखवला. तिकडे पहाटेचे पाच. तो बिचारा उशीवरून "व्हय, व्हय" म्हणत होता. त्या पंधरा मिनिटांत पास्त्याने उरलासुरला रस्सा पिऊन टाकला. मी शेवटी अर्धा कप गरम दूध घालून हलवलं, तेव्हा कुठे तो ओळखीचा दिसायला लागला.

साठ टनांचा पॅन चालवलेल्या या माणसाने घरी चहाचं पातेलं उचललेलं नाही. हे मला काकूंनीच सांगितलंय, जिन्यात, हळू आवाजात. दाणा कधी धरला, कधी चुकला, हे समजणारा माणूस चाळीस वर्षं रोज तीन वेळा ताटावर बसला आणि आत जाऊन एकदाही बघितलं नाही. माझ्याकडे मात्र येऊन आच वाढवायची. मी हे त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं.

जाताना वाटीभर चाखलं. "'ते' बरं झालंय," म्हणाले. "पण वेळलं असतंस तर मोकळं झालं असतं."

रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात काका, हातात रिकामी वाटी. विरजण दिलं. त्यांनी वाटी दिव्याकडे तिरकी करून दही बघितलं, मग जिन्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणला.

"'ते' उरलंय का गं?"

"उरलंय," मी म्हणाले. "नाव घेऊन मागा, देते."

काका गप्प. मीही दार धरून उभी. तेवढ्यात वरून सुनेची हाक आली, "बाबा, मिळालं का विरजण?"

"मिळालं, मिळालं!" काका ओरडले, आणि मघापासून पाठीमागे धरलेला स्टीलचा डबा त्यांनी हळूच पुढे केला. झाकण अर्धंच उघडलं होतं.