करवंटीचा घोडा

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठ दिवस भांडण चाललंय आणि मी इथे इंग्लंडात स्विंडनला रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये ते वाचून स्वतःचं बीपी वाढवून घेतोय. अण्णांचे मेसेज त्यांच्या सकाळच्या चहाबरोबर येतात, तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. विषय काय, तर गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर यंदा जत्रेच्या नाटकात पुतण्याने एक विनोदी राजा घातलाय. खरा कुठला नव्हे, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा कुठलातरी कल्पनेतला, लढाईचं नाव काढलं की ज्याचं पोट बिघडतं असा. अण्णा म्हणतात, देवाच्या दारात राजाची टिंगल नको, उद्या पोरं खऱ्या राजांनाही हसायला लागतील. त्यावर चौदा अंगठे.

आता खरं सांगतो, पुतण्याच्या डोक्यात हे खूळ मीच घातलं. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' बघ म्हणून मागे लागलो होतो. मॉन्टी पायथन ह्या ब्रिटिश विनोदी मंडळींचा १९७५ चा सिनेमा. घोड्यांना पैसे नव्हते म्हणून आर्थर राजा नुसताच दुडक्या चालीने पळतो आणि मागून नोकर दोन करवंट्या आपटत येतो, टपटप टपटप. किल्ल्यावरचा पहारेकरी वरून विचारतो, ह्या थंड मुलखात नारळ आला कुठून? झालं, राजा राज्य विसरून पाकोळी नारळ उचलून आणू शकेल का यावर वाद घालत बसतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी. (कोणीतरी हुशार म्हणेलच की तो नारळ म्हणजे तूच की रे बाबा. नव्हे, मी विमानाने आलो.)

मागच्या वर्षी सुट्टीत स्कॉटलंडला गेलो तेव्हा मुद्दाम डून कॅसलला वाट वाकडी केली. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडचा किल्ला, शूटिंग तिथलं. बाकीच्या किल्ल्यांची परवानगी ऐनवेळी नाकारली म्हणून ह्या एकालाच वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून चार किल्ल्यांची कामं करून घेतली. मला तर आमच्या हौशी नाटकांचा तो एकच राजवाड्याचा पडदा आठवला, हस्तिनापूरही तोच आणि रायगडही तोच. तिकिटाच्या खिडकीपाशी करवंट्या मिळतात, म्हातारेकोतारे साहेब लोक अंगणात टपटप करत फिरतात, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. ऑडिओ गाइडमधला आवाज टेरी जोन्सचा, म्हणजे सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाचा, आणि ह्या माणसाने चॉसर ह्या जुन्या इंग्रज कवीच्या गोष्टीतल्या सरदारावर आख्खं अभ्यासाचं पुस्तक लिहिलेलं. म्हणजे टिंगल करणाऱ्याला मध्ययुग आमच्या चौदा अंगठ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. हे सगळं मी फोटोसकट ग्रुपवर टाकलं. अण्णांनी उत्तरादाखल सुप्रभात आणि गुलाबाचं फूल पाठवलं.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर टाकली नाही. ह्याच मंडळींनी १९७९ मध्ये येशूच्या काळावरचा विनोदी 'लाइफ ऑफ ब्रायन' काढला तेव्हा ब्रिटनमधल्या कितीतरी कौन्सिलांनी तो आपल्या हद्दीत लावूच दिला नव्हता. मला भांडण जिंकायचं होतं, मी कशाला सांगू.

आणि मुळात आमच्याकडे हसत नव्हते असं कोण म्हणतं? जत्रेतल्या काल्याच्या खेळात संकासूर यायचा, काळा झगा, तोंडावर काळं, लोंबती लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा दैत्य, आणि तो पुढे बसलेल्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि भटजींची नावं घेऊन चेष्टा करायचा, अण्णांचे वडील मांडी थोपटून हसायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय, खाज्याची पुडी हातात घेऊन. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधला राजा काय फार शहाणा आहे? त्याची कॅसेट अण्णांच्याच घरी होती. मग अचानक आत्ता काय झालं की राजा म्हटला की धूर, तोफा, डोळे वटारलेले आणि पाठीमागे कोरस?

पुतण्याला मी आणखी दोन सांगितलेत. 'अ नाइट्स टेल', २००१ चा, भाल्यांची झुंज बघायला जमलेली चौदाव्या शतकातली पब्लिक क्वीन ह्या रॉक बँडच्या गाण्यावर पाय आपटते, जाणकारांना राग येतो, येऊ दे. आणि १९९३ चा फ्रेंच 'ले व्हिझितर', बाराव्या शतकातला सरदार आणि त्याचा नोकर आजच्या काळात येऊन पडतात. सरदाराला काही कळत नाही पण ऐट तीच. तो मात्र मी पहिल्या वर्षी बघितला, इथे नवीन होतो तेव्हा, आणि सांगतो, अर्धा वेळ हसू आलं नाही.

तर काल अण्णांनी शेवटी लिहिलं. ज्या पोर्तुगीजांपायी सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्याला आणावा लागला त्यांचा पासपोर्ट खिशात घालणाऱ्याने आम्हाला राजे शिकवू नयेत.

बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला, त्यांची नोंद लिस्बनला केली, मग माझी. लिस्बन मी एकदाच बघितलंय, तेही कागदांच्या रांगेतून. आणि अण्णांच्या धाकट्याचे कागद कुठे गेलेत ते ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, पण मी ते लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं आणि पुसलं.

पण डोक्यात तेच फिरत राहिलं, कारण सप्तकोटेश्वर म्हणजे गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा देव, आणि दिवाळीच्या सुमाराला आमच्या कॅन्टीनमध्ये मीच कदंबांची गोष्ट सांगत होतो. चांदोरला राजधानी, मग गोपकपट्टण, दर्यावर दरारा, नाण्यांवर सप्तकोटेश्वराचं नाव, आणि आज गोंयकाराला कदंब म्हटलं की स्टँडवरची सरकारी बस आठवते. हा माझा ठरलेला जोक, पणजीला कितीदा केलाय. टेबलावरचा एकजण खो खो हसला आणि म्हणाला, म्हणजे तुमचा राजा लेट येतो तर! चांगला जोक होता. आमच्याकडे कोणी केला असता तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. इथे माझे कान तापले, मी ट्रे उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो. तो बिचारा नंतर सॉरी म्हणायला आला, कशाबद्दल ते त्यालाही कळलं नव्हतं. त्या दिवशी मी थेट अण्णा होतो.

डूनलाही तेच. करवंट्या हातात घेतल्या, ज्या घरात रोज आदोळीवर नारळ खवला जायचा आणि करवंटीच्या डवल्याने आमटी वाढली जायची त्या घरातला मी, आणि टपटप काही जमेना, नुसता ठक ठक आवाज. तिथल्या एका पोराने दाखवलं, अशा आडव्या धर. त्याच्या आईने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं स्विंडन.

आज पुतण्याने तालमीचा व्हिडिओ पाठवलाय. अंधार, पेटीवाला अजून आलेला नाही, राजा घोड्यावर येतो म्हणजे उड्या मारत येतो आणि मागून टपटप आवाज, पोराने बरोबर आडव्या धरल्यात. मी ब्रेकरूममध्ये एकटा मोठ्याने हसलो, जोक पूर्ण व्हायच्या आधीच, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. आणि मग दिसलं, व्हिडिओच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून अण्णा बसलेत.

ग्रुपवर लिहिलं, राजाची मिशी डावीकडे सुटलीय, कोणीतरी बघा.

निळ्या टिका आल्यात. अण्णा टाइप करतायत असं दिसतंय, पण ब्रेक संपला.