वापरलेल्या हार्ड डिस्कवरची ‘दडवलेली’ जागा

वापरलेली हार्ड डिस्क घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे जसाच्या तसा फिरत आहे. त्याचा आशय असा: १ टीबीची जुनी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दाखवत असेल, तर उरलेली जागा आधीच्या मालकाने दडवलेली असते, विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात ‘क्लीन’ ही आज्ञा देऊन नंतर लो-लेव्हल फॉरमॅट केले, की सगळी जागा परत मिळते आणि खराब सेक्टरही (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मजकूर साठवण्याचा छोटा कप्पा) दुरुस्त होतात. या सल्ल्यातले ‘क्लीन’विषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे, बाकीचे चुकीचे आहे. ते चुकीचे आहे हे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यावर विसंबून लोक डिस्कवरचा मजकूर कायमचा घालवतात आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर निर्धास्तपणे नवा मजकूर ठेवतात.

‘दडवलेल्या’ ६९ जीबींचा प्रश्न साध्या भागाकाराने सुटतो. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइटचा एक जीबी धरतात. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा होतो. १ टीबीच्या डिस्कवर सहसा ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. त्यांचे एकूण १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट होतात आणि त्यांना विंडोजच्या जीबीने भागले की ९३१.५ येतात. म्हणजे लेबलावर सांगितलेली जागा पूर्णपणे समोरच आहे. ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते, तेही याच कारणाने. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ मध्ये १,०२४ च्या पटीतल्या मापांना ‘गिबीबाइट’ वगैरे वेगळी नावे देण्यात आली, पण विंडोजने ती स्वीकारली नाहीत. मॅकने २००९ च्या १०.६ आवृत्तीपासून दशमान मोजणी सुरू केली असल्याने तीच डिस्क मॅकला जोडली तर ती १ टीबी दिसते. जी जागा नुसते यंत्र बदलल्याने ‘परत’ येते, ती कुणी दडवलेली नव्हती.

‘क्लीन’ आज्ञेचा उपयोग खरोखर होतो, पण तो मर्यादित आहे. ती पार्टिशनचा तक्ता, म्हणजे डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची नोंद, पुसते. आधीच्या मालकाने डिस्क लिनक्सवर किंवा घरगुती साठवण-सर्व्हरमध्ये वापरली असेल, तर विंडोजला ती पार्टिशने वाचता येत नाहीत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात ती सी, डी असे अक्षर नसलेल्या ठोकळ्यांसारखी दिसतात. जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरचे रिकव्हरी पार्टिशन तर तिथून साध्या पद्धतीने काढताही येत नाही. अशा वेळी ‘क्लीन’ योग्य ठरते. परंतु जागा नुसतीच ‘अनॲलोकेटेड’ (कोणत्याही पार्टिशनला न दिलेली) दिसत असेल, तर तिथे नवे पार्टिशन करणे पुरेसे असते, काहीही पुसावे लागत नाही. ‘क्लीन’ वापरण्यापूर्वी बाकीच्या डिस्क काढून ठेवाव्यात, कारण ही आज्ञा निवडलेल्या डिस्कचा फक्त क्रमांक ओळखते, पुन्हा विचारत नाही, आणि हा क्रमांक चुकला की घरातली छायाचित्रे असलेल्या डिस्कचाच तक्ता जातो.

शिवाय ‘क्लीन’नंतर काय करायचे, हे तो सल्ला सांगत नाही. ३ टीबीची डिस्क पुन्हा एमबीआर या तक्त्याच्या जुन्या पद्धतीने सुरू केली, तर ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या हिशेबात तिचा तक्ता २,०४८ जीबीपलीकडे पोहोचत नाही आणि सुमारे ७४६ जीबी पुन्हा हाताबाहेर जातात. तिथे जीपीटी ही तक्त्याची नवी पद्धत निवडणे हाच उपाय आहे. डिस्क जुन्या यूएसबी खोक्यात असेल, तर ते खोकेच मोठी क्षमता ओळखत नसण्याची शक्यताही तपासून घ्यावी.

आता खऱ्या अर्थाने दडलेल्या जागेविषयी. अशी जागा असू शकते, आणि नेमक्या त्याच जागेपर्यंत हा सल्ला पोहोचत नाही. डिस्क आणि संगणक यांच्या संवादाचे नियम ठरवणाऱ्या एटीए मानकात एचपीए आणि डीसीओ अशा दोन सोयी आहेत. त्या वापरल्या असतील, तर डिस्क स्वतःच संगणकाला आपले सेक्टर कमी असल्याचे सांगते. काही संगणक-निर्माते रिकव्हरीसाठी एचपीए वापरत असत. डिस्कनेच कमी आकडा सांगितल्यावर पार्टिशनचा तक्ता कितीही वेळा पुसला, तरी त्या हद्दीपलीकडचा एकही सेक्टर उघडा होत नाही. त्यासाठी डिस्क यूएसबीऐवजी थेट संगणकाच्या आतल्या साटा पोर्टला जोडावी आणि लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनाने सेक्टरांचे दोन आकडे पाहावेत: सध्या दाखवलेले आणि मूळचे. दोन्ही सारखे असतील, तर एचपीए नाही. वेगळे असतील, तर मूळ आकडा कायमस्वरूपी परत ठेवता येतो. डीसीओ काढणे मात्र जोखमीचे आहे. ते साधनही तसा स्पष्ट इशारा देते. अनेक डिस्कच्या लेबलावर सेक्टरांची संख्या ‘एलबीए’ म्हणून छापलेली असते. संगणकाने दाखवलेला आकडा तिच्याशी जुळत असेल, तर शोधण्यासारखे काही उरलेले नाही.

लो-लेव्हल फॉरमॅट हा शब्द १९८० च्या दशकातल्या डिस्कचा आहे. तेव्हा वापरकर्ता खरोखर ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखून घेत असे. आजच्या डिस्कवर ही आखणी कारखान्यातच होते आणि त्या नावाने मिळणारी साधने प्रत्येक सेक्टरवर फक्त शून्ये लिहितात. आधीच्या मालकाचा मजकूर पुसायला ते चांगले आहे, पण डिस्कपार्टची ‘क्लीन ऑल’ आज्ञाही तेच करते. १ टीबीला दोन-तीन तास सहज लागतात, आणि त्यातून जागा एका बाइटनेही वाढत नाही.

खराब सेक्टरांविषयीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वरवर खरा ठरतो. प्रत्येक डिस्ककडे राखीव सेक्टर असतात. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर नवे काही लिहायला गेले, की डिस्क ते लिखाण यशस्वी होते का हे पाहते, आणि न झाल्यास त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते. म्हणून शून्ये लिहून झाल्यावर त्रुटी गेल्यासारख्या दिसतात, पण पृष्ठभाग होता तसाच असतो आणि राखीव साठा मात्र घटलेला असतो. म्हणूनच सगळी डिस्क लिहिण्यापूर्वी आणि लिहिल्यानंतर स्मार्ट नोंदींतले, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींतले, ५ (राखीव सेक्टरांनी बदललेले सेक्टर), १९७ (निर्णय बाकी असलेले संशयित सेक्टर) आणि १९८ (वाचता न आलेले सेक्टर) या क्रमांकांचे आकडे टिपून ठेवावेत. १९७ शून्यावर आला आणि ५ वाढला नाही, तर त्रुटी अर्धवट लिखाणाची असू शकते. ५ वाढला असेल, तर आठवड्याभराने पूर्ण डिस्क पुन्हा वाचून पाहावी, आणि तेव्हाही आकडा चढलेला दिसला, तर ती डिस्क विकणाऱ्याला परत करावी.