आठचा स्क्रू सांगितला होता, आठचा!

कार्बन फायबरमधून करंट जातो. एवढं एक वाक्य ज्याला माहीत नाही त्यानं ड्रोनच्या फ्रेमला हात लावू नये. मोबाइलला टफन ग्लास बसवावी, कव्हरं विकावीत, चार पैसे मिळवावेत, आमची काही तक्रार नाही. पण नाही! दुकानाबाहेर बोर्ड काय, तर ‘सर्व प्रकारचे ड्रोन रिपेअर व अपग्रेड’. सर्व प्रकारचे म्हणे! अरे, एक प्रकार तरी नीट कर.

काल सकाळी माझं सात इंची पंख्यांचं ड्रोन वाळव्याकडच्या एका उसात पडलं. आदल्या संध्याकाळीच सांगलीत या महाशयांकडून अपग्रेड होऊन आलेलं. एरवी मी माझ्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागू देत नाही, पण कंपनीत ऑडिट होतं. मी कुपवाडला क्वालिटीत आहे, दिवसभर लोकांचे पार्ट मोजून रिजेक्ट करणं हाच धंदा, आणि ऑडिटच्या दिवसांत घरी येऊन सोल्डरिंग गन धरायची ताकद उरत नाही. म्हटलं, काम साधं आहे. आर्म, म्हणजे ज्यांच्या टोकाला मोटरी बसतात ते कार्बनचे दांडे, बदलायचे, मोटरी परत बसवायच्या, अँटेना आहे तिथंच ठेवायची. पोरगं करेल.

आर्म बदलायचे का, तर मला थर सुटल्याचा संशय आला होता. कार्बनची चीर वरून दिसत नाही. मी रुपयाचं नाणं घेऊन आर्मवर टिचक्या मारत जातो. चांगला असेल तर टणटणीत वाजतो, आतले थर सुटले असतील तिथं आवाज बसका येतो. मागच्या डाव्या आर्मचा आवाज बसला होता, आणि व्हिडिओतही ती घाणेरडी थरथर यायला लागली होती. जुने आर्म सहा मिलिमीटरचे, नवे मिळाले ते पाच मिलिमीटरचे. म्हणजे आर्म एक मिलिमीटरनं पातळ झाला. म्हणजे जुना दहाचा, दहा मिलिमीटर लांबीचा, स्क्रू लावला तर तो मोटरीत एक मिलिमीटर जास्त घुसणार. मोटरीच्या बुडात जागा असते केवढी? तीन-चार मिलिमीटर. त्याच्या वर लगेच तांब्याचं वाइंडिंग. ही बालवाडीची वजाबाकी आहे. म्हणून मी आठचे स्क्रू स्वतः पुडीत बांधून दिले. पुडीवर मार्करनं ‘८’ लिहिलं. तोंडानं सांगितलं. निघताना परत सांगितलं.

पुडी मला परत मिळाली. जशीच्या तशी, न उघडलेली, ड्रोनच्या बॅगेच्या कप्प्यात. पण ती दिसली कधी, तर उसातून बाहेर आल्यावर.

दहाचे लावले पठ्ठ्यानं! चार मोटरी, सोळा स्क्रू, सगळे दहाचे. फोनवर म्हणतो, ‘दादा, मोठा स्क्रू उलट घट्ट बसतोय की.’ घट्ट बसतोय! थेट वाइंडिंगच्या उरावर जाऊन बसलाय तो. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा केसाएवढा थर असतो, स्क्रूचं टोक तो खरवडतं, की झाला मोटरीचा फेज, म्हणजे करंटची तार, स्क्रूला जोडलेला आणि स्क्रू कार्बनला. आता एवढ्यावरसुद्धा निभावलं असतं. फ्रेम बाकी कशाला टेकलेली नसेल तर करंटला परतीची वाटच नाही, उडतं ड्रोन. पण आमच्या कारागिराला अपग्रेडची हौस! व्हिडिओ ट्रान्समीटरची अँटेना मी प्रिंट केलेल्या रबरी होल्डरमध्ये ठेवली होती, मुद्दाम, फ्रेमला टेकू नये म्हणून. यानं होल्डर काढून टाकला आणि अँटेनाचा पितळी कनेक्टर थेट कार्बनच्या भोकात नट लावून आवळला. ‘मजबूत केलं’ म्हणे. त्या कनेक्टरची बाहेरची बाजू म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह. झाली ना वाट मोकळी! वाइंडिंग, स्क्रू, कार्बन, अँटेना, निगेटिव्ह. सहा सेलची पूर्ण चार्ज बॅटरी, २५.२ व्होल्ट, त्या वाटेनं धावत सुटली.

आणि हे तपासायला लागतं काय? मल्टिमीटर. बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवायचा, एक पिन स्क्रूच्या डोक्यावर, दुसरी मोटरीच्या वायरीवर. वाजला की स्क्रू लांब. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कार्बनच्या कापलेल्या कडेला. वरच्या पृष्ठभागावर नाही, तिथं करंट अडवणारं रेझिन असतं, फसवतं ते. कडेला लावायची. चहा येईपर्यंत सगळं ड्रोन तपासून होतं. त्याच्या टेबलावर पिवळा मल्टिमीटर होता, मी डोळ्यांनी बघितलाय. त्याच्या वायरी गुंडाळून रबर लावलेलं होतं, आणि त्या रबरावर धूळ होती. मला तिथंच उठून यायला पाहिजे होतं, असं आता सगळे सांगतायत.

‘दुकानात उडवून बघितलं, मस्त होतं.’ असणारच! इनॅमल एका झटक्यात जात नाही. जरा थरथर लागते, जरा मोटर तापते, मग जातं. दुकानासमोर दोन फूट वर उचलून खाली ठेवलेल्या ड्रोनला काय होतंय?

माझा मावसभाऊ शर्यतीवाला. खरसुंडीच्या बाजारातून त्यानं खिलार खोंड आणलाय. २०२३ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा विषय एकदाचा निकाली काढला, तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या दारात खोंड नाही त्याला चारचौघांत बसायला जागा नाही. तर त्या खोंडाची रानात फेरी, वरून एक क्लिप, स्टेटसला ठेवायला. एवढाच मामला. खोंड सुटला, मी त्याच्या मागं थ्रॉटल दिला आणि गॉगलमध्ये, म्हणजे ड्रोनचा कॅमेरा दाखवणाऱ्या डोळ्यांवरच्या स्क्रीनमध्ये, जग उलटं झालं. धूर मावसभावाला दिसला. मला फक्त आभाळ-ऊस-आभाळ-ऊस.

फोर-इन-वन ईएससी आहे माझी. चार मोटरींचे चार कंट्रोलर एकाच बोर्डावर. जागा वाचते, वजन वाचतं, आणि एक जळाला की चारही कचऱ्यात. सहा-सात हजारांचा बोर्ड. आई म्हणाली, आतापर्यंत यात घातलेल्या पैशात दारात म्हैस उभी राहिली असती. खरंय. म्हशीला फर्मवेअर पण लागत नाही.

फर्मवेअरवरून आठवलं. हाच दुकानदार मागं म्हणाला होता, ‘दादा, बीटाफ्लाइट अपडेट करून दिलंय, फ्री.’ बीटाफ्लाइट म्हणजे ड्रोन उडतं ठेवणारं सॉफ्टवेअर. कुणी सांगितलं होतं? अपडेट करायच्या आधी ‘डिफ ऑल’ ही कमांड मारून जुनं सेटिंग सेव्ह करायचं असतं, हे फ्री माणसाला कुठलं माहीत! माझं महिनोन्‌महिने घासून बसवलेलं ट्यूनिंग गेलं. त्या जागी यूट्यूबवरच्या कुणाचे तरी पीआयडी, म्हणजे ट्यूनिंगचे आकडे, चिकटवले, पाच इंची ड्रोनचे, माझ्या सात इंचीवर! मोटरी अशा तापल्या की हात लावेना. वर मलाच विचारतो, ‘ऊन जास्त आहे का दादा आज?’

आणि स्क्रू विकणारे! ऑनलाइन ‘हाय टेन्साइल’ म्हणून पाठवतात, आणि दोन मिलिमीटरची ॲलन की दुसऱ्यांदा घातली की आतला षटकोन गोल. नव्या जगात गोल झालेला स्क्रू काढण्याइतकं अपमानास्पद काम नसेल. आणि लॉकटाइट, स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद! निळं लावायचं असतं, जे परत सुटतं. आमच्याकडं लाल लावून देतात. लाल लावलेला स्क्रू सोडवायला मी सोल्डरिंग गननं डोकं तापवत बसलोय, दिवाळीत. पाहुणे बाहेर चकली खात होते.

बरं, तयार ड्रोन बाहेरून मागवावं, तर फेब्रुवारी २०२२ पासून आयातीला बंदी. सुट्या भागांना परवानगी. म्हणून आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य सुट्या भागांत गेलं. आणि सुटे भाग विकणाऱ्यांनाही ते पक्कं माहीत आहे, किमतीवरून कळतं.

तर, ऊस. उसात पडलेलं ड्रोन शोधणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बारा फुटी ऊस, पडलेला, एकमेकांत गुंतलेला. सरीत पाणी सोडलेलं. पाती हाताला कापतात ते घरी आंघोळ करताना कळतं. अशा वेळेसाठी मी वेगळा बझर लावला होता, स्वतःची छोटी बॅटरी असलेला, मुख्य बॅटरी निघून पडली तरी ओरडत राहणारा. कुठं होता तो बझर? दुकानात! ‘वजन कमी केलं दादा, मोटरी वाजतात की बीप म्हणून.’ मोटरी वाजतात रे, पण त्यांना वाजवतं कोण? ईएससी. आणि ईएससीचं काय झालं होतं? जाऊ दे.

गॉगलच्या रेकॉर्डिंगमध्ये जीपीएसचे शेवटचे आकडे होते, ते फोनवर टाकून आत शिरलो. तेवढ्यात बांधावरून हाक. ‘कोण हाय रं उसात?’ रानमालक. म्हटलं मामा, ड्रोन पडलंय. तर मामा शांतपणे म्हणतात, ‘बघ बाबा, पण लांब नगं जाऊस, पहाटं बिबट्या पलीकडं गेलाय.’ हे आत शिरायच्या आधी सांगायचं का नंतर?

बाहेर आलो तर गाव गोळा झालेलं. प्रश्न ठरलेले. कितीला पडलं? किती किलोमीटर जातं? माणूस उचलेल का? एक पांढरे कपडेवाले म्हणाले, ‘लायसन आहे का?’ साहेब, २०२१ चे ड्रोन रूल्स आहेत, दोन किलोपर्यंतचं मायक्रो, नुसतं हौसेनं उडवायचं असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तरी पण असलेलं बरं.’ हातात जळक्या बोर्डाचा वास येणारं ड्रोन, मांडीपर्यंत चिखल, आणि हे. त्यातच एकानं विचारलं, फवारणीचं आहे का? आमच्याकडं ड्रोन म्हटलं की फवारणी नाहीतर लग्न, तिसरा प्रकार डोक्यात शिरतच नाही.

कॅमेरा मात्र वाचला. त्याची लेन्स पुसली, कार्ड घरी लॅपटॉपला लावलं. म्हटलं, निदान पुरावा आहे, याच्या तोंडावर फेकतो. पहिले चार सेकंद खोंड, झकास. मग कोलांट्या. मग कॅमेरा पाचटात तोंड खुपसून पडलेला, स्क्रीनवर एक वाळकं पान, आणि लांबून हळूहळू जवळ येत गेलेला माझा आवाज. मला वाटत होतं मी तेव्हा दोन-चार शब्द बोललो असेन. अखंड चालू होतं! दुकानदार, त्याचं दुकान, दुकानाचा बोर्ड, बोर्ड रंगवणारा, सगळ्यांचा उद्धार. मध्येच ‘आठ! आठ! आठ!’ असं कुणीतरी ओरडतंय, तो मीच. मध्येच पानांची सळसळ झाली आणि मी एकदम गप्प. बिबट्या आठवला असणार. मग परत, पण बारीक आवाजात, शिव्या.

मावसभावानं तीच क्लिप स्टेटसला ठेवली. खोंडापेक्षा जास्त लोकांनी बघितली. काल रात्री भाच्यानं मला ‘आठमामा’ म्हणून हाक मारली. घरात आधीच नाव चांगलं नाहीये. आईच्या मसाल्याच्या डब्यात वाट्यावाट्यांनी सहा, आठ, दहा, बारा असे स्क्रू लावून ठेवलेत, आईला नवा डबा आणून द्यावा लागला. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची डगमगली तर मी खाली वाकून नट बघतो. खिशात व्हर्नियर असतो. बायकोनं पाहुण्यांना सांगायचं सोडून दिलंय.

पण म्हणून काय दहाचा स्क्रू आठचा होतो का?

आज दुपारी त्याला फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. सुरुवात बरी झाली. सगळी साखळी समजावून सांगितली, वाइंडिंगपासून अँटेनापर्यंत. पूर्ण ऐकलं त्यानं. मग म्हणाला, ‘दादा, पण कार्बन म्हणजे कोळसाच की. कोळशातनं कुठं करंट जातोय?’

लहानपणी टॉर्चचा सेल फोडला नाहीस का रे कधी? मधली काळी कांडी कशाची असते? त्या कांडीनं आम्ही भिंतीवर स्टंप काढले! ती कार्बनची, आणि तिच्यातूनच करंट येतो म्हणून तर टॉर्च लागते! म्हणाला, ‘आता कुठं टॉर्च राहिल्यात दादा.’ मग मी जे बोललो ते शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकूंनी ऐकलं, आणि त्या पापड तसेच टाकून खाली गेल्या.

ईएससी आणि मोटरीचे पैसे देणार नाही म्हणतो. ‘मजुरीत पुढच्या वेळी ॲडजस्ट करू.’ पुढच्या वेळी! जुने दहाचे स्क्रू तेवढे परत द्या म्हणाला, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला लागतायत. ते गिऱ्हाईक कोण आहे ते कळलं तर बरं होईल, सांगली-मिरजेत कुणाचं ड्रोन सध्या त्याच्या टेबलावर असेल तर आत्ताच्या आत्ता जाऊन उचलून आणा, रात्र झाली असली तरी.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत त्याचा मेसेज. मला वाटलं माफी. लिंक होती. ‘दादा, आपल्या दुकानाला एक छान रिव्ह्यू टाका ना, फाइव्ह स्टार.’ खाली हात जोडलेले.