डबा जागेवरच आहे

राउटर बसवायला येणारा माणूस 'नेट चालू झालं' म्हणतो आणि हेल्मेट उचलतो. मोबाइलवर स्पीड टेस्टचा काटा एकदा उजवीकडे झोपवून दाखवला की त्याचं काम संपलं. घरातल्या बाकीच्या यंत्रांचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करण्यात अर्थही नाही. तरी मी दारापर्यंत जाऊन विचारलंच, "ती कपाटावरची हार्ड डिस्कपण चालेल ना?"

"वायर लावली ना सर? मग चालणार की," असं म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

ती हार्ड डिस्क म्हणजे नॅस. साधी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडतात, ही राउटरला जोडायची, म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी वापरता येते. आमच्याकडे तिचं नाव 'डबा'. काळा, दोन डिस्कचा, रात्रंदिवस पंखा फिरवत बसलेला. घरातले झाडून सगळे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, कन्येची प्रोजेक्ट्स आणि पुन्हा कुणीही न बघितलेले लग्नाचे व्हिडिओ, असा सगळा ऐवज त्याच्या पोटात आहे.

नव्या राउटरवर मी वायफायचं नाव जुनंच ठेवलं होतं, पासवर्डही तोच. त्यामुळे घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप काही न विचारता त्याला जाऊन चिकटले. काही बदललंय याचा कुणाला पत्ताच लागला नाही. यातली मेख अशी, की बाकी सगळं बिनबोभाट चालू असलं की जे एक चालत नाही ते आपोआप 'बिघडलेलं' ठरतं.

"अरे, फोटो उघडत नाहीयेत," बायको म्हणाली.

लॅपटॉपवर डब्याच्या चित्रावर लाल फुली आली होती. इतर ठिकाणी हिला काय म्हणत असतील ते असो, आमच्याकडे लाल फुली दिसली की थेट तेराव्याची बोलणी सुरू होतात. आईने चष्मा वर करून विचारलं, "गेले का रे सगळे?"

"नाही गं आई. त्यात दोन डिस्क आहेत. एकीत जे आहे तेच दुसरीत. एक गेली तरी दुसरीत सगळं असतं."

"मग दुसरी उघड की."

याला उत्तर नव्हतं. दोन्ही डिस्क सारख्याच बेपत्ता होत्या. म्हणूनच जाणकार सांगतात की दोन डिस्कवर एकच माल ठेवला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नये. पण हे वाक्य त्या क्षणी घरात उच्चारायचं नसतं.

मी डब्यासमोर जाऊन उभा राहिलो. दिवे हिरवे. मागे केबल लावतात तिथला छोटा दिवा तर उत्साहाने लुकलुकत होता. थोडक्यात, वीज आहे, वायर आहे, पलीकडून कुणीतरी बोलतंय हेही त्याला ऐकू येतंय. फक्त तो आम्हाला ओळख देत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, राउटर बंद करून चालू करा." केला. "लाल लाइट आहे का सर?" नाही, हिरवा आहे. "मग सर तुमचं नेट चालू आहे." मी म्हटलं, नेट चालूच आहे हो, पण घरातल्या घरात एक वस्तू सापडत नाहीये. त्यावर ती बाई इतक्या मायेने "ओके सर" म्हणाली, की ती वस्तू म्हणजे किल्ली किंवा चष्मा असावा असा तिचा समज झाला असणार.

मग मेहुण्याचा फोन आला. कॉम्प्युटरचं काही बिघडलं की याला आपोआप वास येतो. "दाजी, काही नाही, विंडोजमध्ये जाऊन एसएमबी वन चालू करा, लगेच दिसेल." हा सल्ला जिथे तिथे मिळतो, म्हणून सांगून ठेवतो: तो घेऊ नका. फायली वाटून घ्यायची ती फार जुनी पद्धत आहे. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फायली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच एका भोकातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळात बसवणंच बंद केलं. शिवाय आमचा डबा कालपर्यंत तिच्याशिवाय दिसत होता. "बघतो," म्हटलं. मेहुण्याला नाही म्हणायची हीच रीत आहे.

राउटरचं पान उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. सगळ्यांचे फोन होते, टीव्ही होता, 'अननोन' नावाची दोन यंत्रं होती, त्यातलं एक कन्येचं घड्याळ निघालं. डबा नव्हता. नसणारच, कारण ती यादी राउटरकडून पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राला ओळखायचा नंबर, मागून घेणाऱ्यांची होती, आणि डब्याने कधी कुणाकडे पत्ता मागितलेला नाही. तो बसवला तेव्हाच त्याला कायमचा पत्ता दिला होता, म्हणजे रोज रोज शोधायला नको. लाल फुलीच्या शेजारी तो अजून लिहिलेलाही होता: १९२.१६८.१.५०.

मग पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे 'आहेस का रे?' अशी हाक. १९८३ साली माइक मूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, आणि तेव्हापासून दुनियेतले सगळे नेटवर्कवाले अडलं की आधी हीच हाक मारतात. मी मारली. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.' पुन्हा तेच. डबा माझ्यापासून दोन हातांवर, त्याच्या पंख्याचा आवाज कानात, आणि स्क्रीन सांगतोय की कुणी बोलत नाही.

उलगडा झाला तो राउटरच्या पत्त्यावर नजर गेली तेव्हा. जुना राउटर १९२.१६८.१.१ होता. नवा १९२.१६८.०.१ निघाला. फरक एका आकड्याचा, पण तोच आकडा घात करतो. घरगुती नेटवर्कवर सहसा २५५.२५५.२५५.० नावाचा एक मुखवटा असतो. त्याचा अर्थ, पहिले तीन आकडे जुळले तरच आपण शेजारी. हे सोसायटीच्या इंटरकॉमसारखं आहे. आपल्या विंगमध्ये थेट फोन लागतो, दुसऱ्या विंगचा नंबर फिरवला तर तो गेटवर वॉचमनकडे जातो. आता आमची सगळी मंडळी शून्य विंगमध्ये राहायला गेली होती. डबा एकटा एक नंबर विंगमध्ये राहिला होता, आणि नव्या वॉचमनला अशी काही विंग आहे हेच ठाऊक नव्हतं. अनोळखी पत्ता दिसला की राउटर निरोप बाहेरच्या दिशेला ढकलतो. म्हणजे मी कपाटावरच्या डब्याला मारलेली हाक दाराबाहेर पडून इंटरनेटच्या वेशीवर कुणीतरी कचऱ्यात टाकत होतं.

या १९२.१६८ची कथाही ऐकण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९६ साली आरएफसी १९१८ नावाच्या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या कागदाने तीन पट्टे खासगी वापरासाठी कायम केले. त्यातला हा सगळ्यात लहान, ६५,५३६ पत्त्यांचा. कुणीही वापरा, कितीही घरांत वापरा, फक्त उंबऱ्याबाहेर नेऊ नका. उदार व्यवस्था आहे, शंकाच नाही. पण त्यामुळे कुठल्या राउटरने घरात कुठला आकडा धरायचा हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर गेलं. एक शून्य धरतो, दुसरा एक धरतो, आणि दोघेही खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'सोपी जोडणी' असं छापतात.

दोष कुणाचा, हे आता स्पष्ट होतं. डब्याने काही म्हणजे काही केलं नव्हतं. सांगितलेल्या पत्त्यावर तो इमानदारीत बसून होता. घरच त्याच्या अंगावरून दुसरीकडे गेलं होतं. तरी आमच्याकडे गुन्हेगार तोच.

डब्याच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. ते रिसेटचं. बऱ्याच मॉडेलमध्ये थोडा वेळ दाबलं तर फक्त नेटवर्कची सेटिंग आणि पासवर्ड पुसला जातो, फायलींना धक्का लागत नाही. जास्त दाबलं तर प्रकरण वाढतं. थोडा वेळ म्हणजे किती, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. मी पुस्तिका शोधत टाचणी हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात बायको आली. तिने आधी टाचणीकडे बघितलं, मग भोकाकडे, मग माझ्याकडे.

"त्यात हिचे बारशाचे फोटो आहेत."

"मला माहितीये."

"टाचणी दे इकडे."

दिली. खरं म्हणजे टाचणीची गरजही नव्हती. दुसरा, जास्त सभ्य मार्ग असतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं, डब्याची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावायची, आणि लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.७७ असा पत्ता द्यायचा. म्हणजे आपणच उठून त्याच्या विंगमध्ये जाऊन बसायचं. मग ब्राउझरमध्ये त्याचा नंबर टाकला, आणि डब्याचं लॉगिनचं पान असं ठसठशीत उघडलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. आत सगळं होतं. बारसं होतं. लग्नाचे व्हिडिओही होते, त्याला इलाज नाही.

आता प्रश्न असा, की डब्याला नवा पत्ता द्यायचा की राउटरला जुना? बहुतेक ठिकाणी डब्यालाच वाकवतात. मला ते पटत नाही. डब्याचा नंबर माझ्या लॅपटॉपमध्ये लिहिलेला, बायकोच्या फोनच्या बॅकअपमध्ये लिहिलेला, टीव्हीत लिहिलेला, आणि आणखी कुठे कुठे लिहिलाय ते ऐन वेळेलाच कळणार. एवढ्या ठिकाणी खाडाखोड करण्यापेक्षा काल आलेल्या पाहुण्याने घरची रीत पाळावी. राउटरच्या लॅन, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन शून्याच्या जागी एक केला आणि 'सेव्ह' दाबलं.

या 'सेव्ह'ची गंमत अशी, की ज्या पानावर बसून तुम्ही पत्ता बदलता त्या पानाचाच पत्ता बदलतो. चक्र गरगर फिरत राहिलं, कारण ब्राउझर बिचारा अजून जुन्या दारावर थापा मारत होता. राउटर पुन्हा सुरू होत होता. तेवढ्यात सगळ्या खोल्यांतून आवाज आले. "बाबा, नेट गेलं!" "अरे, मीटिंगमधून बाहेर फेकलं मला!" आईची मालिका नेमक्या कुणाच्या तरी कानाखाली वाजायच्या आधी थांबली होती. डबा दोन दिवस बेपत्ता असताना या घरात जी शांतता होती, ती दोन मिनिटांच्या वायफायला मिळाली नाही.

नेट आलं. लाल फुली गेली. पुढच्या वेळी हा तमाशा नको म्हणून डब्यालाही राउटरकडून पत्ता मागायला लावायचं आणि राउटरमध्येच त्याच्या नावाने तोच पत्ता राखून ठेवायचं ठरवलं. त्यासाठी यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक लागतो. तो बारा अक्षरांचा असतो आणि छापलेला असतो यंत्राच्या बुडाला, राखाडीवर राखाडी, मुंगीच्या अंगावर मावेल एवढ्या टायपात. मी डबा तिरका धरला, कन्येने मोबाइलचा टॉर्च धरला.

"बाबा, हे बी आहे."

"आठ आहे."

"बी आहे, पोटाला वळण बघा ना."

शेवटी फोटो काढून मोठा करून बघितला. बी होता. राखीव पत्ता नोंदवला आणि पुन्हा 'सेव्ह' दाबलं, या वेळी सगळ्यांना ओरडून सांगून.

तेवढ्यात आतल्या खोलीतून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. प्रिंटर. त्यालाही जुन्या विंगमधला कायमचा पत्ता होता, तोही इतके दिवस गायब होता, पण त्याच्यासाठी कुणी टाहो फोडला नव्हता. कन्येने मात्र तो चालतोय का हे बघायला टेस्ट पेजचं बटण दाबलं होतं, काही होईना म्हणून परत दाबलं होतं, आणि मग रागाने दाबतच राहिली होती. ते सगळे हुकूम लॅपटॉपने जपून ठेवले होते. प्रिंटर सापडल्याबरोबर त्याने ते एकामागून एक त्याच्या हवाली केले. जमिनीवर निळ्या, लाल, पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचा ढीग पडत होता.

"हा थांबणार कधी?" बायकोने विचारलं.

"कागद संपला की," कन्या म्हणाली. "पण सकाळीच मी नवं बंडल भरलंय."