मोकळेपणानं सांग हं

"मोकळेपणानं सांग हं. अगदी वाटेल ते सांग," असं म्हणणाऱ्या माणसानं आठ महिने खपून केलेली वस्तू तुमच्या मांडीवर ठेवलेली असते आणि तुमच्या पोटात त्याच्या बायकोनं आग्रहानं वाढलेल्या तीन पुरणपोळ्या असतात. अशा वेळी मोकळं करण्यासारखं माझ्याजवळ पँटचं बटण सोडून काही नव्हतं.

माणूस म्हणजे माझे थोरले साडू, मिरजेचे अण्णा. वस्तू म्हणजे बास गिटार, खर्जातले सूर देणारी.

रिटायर झाल्यावर लोक योगासनं करतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. अण्णांनी एका पाडलेल्या वाड्याचा सागवानी दरवाजा विकत घेतला आणि त्यातून बास काढला. बासच का? तर "तारा चारच. कटकट कमी." आणि परीक्षक म्हणून मीच का? तर कॉलेजात असताना दीड वर्ष मी एका बँडमध्ये बास वाजवत होतो. लग्न ठरवताना ही गोष्ट आमच्याकडून सांगितली गेली नव्हती, पण अशा गोष्टी फुटतातच.

"छान आहे म्हणायचं आणि गप्प बसायचं," असं बायकोनं येतानाच बजावलं होतं. "ताईनं आठ महिने हॉलमधला भुसा झाडलाय."

आणि खरं सांगायचं तर वस्तू देखणी होती. सागाच्या रेघा नदीसारख्या वळत खाली आलेल्या. दाराच्या कडीचं भोक शिसवीचा गोल तुकडा बसवून इतकं बेमालूम बुजवलेलं की बोट फिरवलं तरी कळू नये. खुंट्यांच्या जागी मोराचं डोकं. आणि तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या अगदी पुढ्यात, पटाशीनं खोबण कोरून बसवलेला, अंगठ्याएवढा पितळी गणपती.

मग मी तो बास गळ्यात अडकवून उभा राहिलो आणि लगेच खाली बसलो.

"सहा किलो तीनशे," अण्णा अभिमानानं म्हणाले. "रद्दीवाल्याच्या काट्यावर तोललाय." एरवी बास चार किलोंच्या आसपास भरतो. पण दार ते दारच.

आमच्या ऑफिसात एकदा 'फीडबॅक कसा द्यावा' याचं ट्रेनिंग झालं होतं. आधी कौतुक, मग दोष, मग पुन्हा कौतुक. सँडविच म्हणतात त्याला. मी म्हटलं, "अण्णा, पॉलिश काय उतरलंय! फक्त मानेवरच्या तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, तार जरा झणझणते, बाकी मोर म्हणजे…"

"झणझणते नव्हे. जवारी आहे ती."

आता मिरजेच्या माणसाला जवारीवर काय बोलणार? त्यांचं अर्धं आयुष्य सतारमेकर गल्लीच्या आसपास गेलेलं. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार मुद्दाम घासत ठेवतात, वर सुताचा दोरा सरकवून तो झंकार जमवतात, हे सगळं त्यांनी मला सप्रयोग समजावलं. बासमध्ये तोच झंकार निघाला की फ्रेट वरखाली बसलेत असं समजतात, हे मी पोळीबरोबर गिळलं.

पण पुढचं गिळता येईना. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी म्हणजे नट. तिथपासून घोडीपर्यंत बासची तार साधारण ३४ इंचांची असते. १९५१ साली फेंडर कंपनीनं प्रिसिजन बास काढला तेव्हापासून हे माप रुळलंय. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, १७ इंचांवर. तिथं तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागायला हवा. मी दाबली. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा डावीकडे झुकला आणि तिथंच राहिला. चारी तारांना तेच. मी टेप मागितला. नटपासून घोडीपर्यंत साडेचौतीस.

"अण्णा, घोडी अर्धा इंच मागं गेलीय."

"जाणारच की. गणपती मावत नव्हता."

"मग सूर उतरणार."

"पडदे सरकवू."

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकतात. हे फ्रेट लाकडात खाचा करून ठोकलेले होते, तेही स्वतः अण्णांनी. घोडीही इपॉक्सीनं चिकटवलेली. मी सुचवलं की घोडी काढून पुढं घेऊ, फक्त त्यासाठी गणपती जरासा…

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला.

"प्रतिष्ठापना झालीय त्याची," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "वसंत पंचमीला."

बायको माझ्याकडे बघत होती. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे खरं बोलायचं की खोटं, हे म्हणीत कुठंच सांगितलेलं नाही. मी घाबरून तिसराच रस्ता धरला. म्हटलं, फ्रेटच काढून टाकू. जाको पास्टोरियस नावाचा एक अमेरिकन बासवाला बिनफ्रेटच्या बासवरच जगभर गाजला. आणि सरोदला तरी कुठं पडदे असतात?

अण्णांचा चेहरा उजळला. "सरोदला नसतातच की!" माझ्या पानात चौथी पोळी पडली.

दोन महिन्यांनी पुन्हा मिरजेला गेलो. फ्रेट उपटून खाचांत फिकट लाकडाच्या चिपा भरल्या होत्या. गणपती जागच्या जागी. झणझणही गेली होती, त्याबद्दल दोघंही बोललो नाही. मी बास मांडीवर घेतला आणि कॉलेजातली एक सोपी चाल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोटाखाली फ्रेटचा आधार नव्हता. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"मोकळेपणानं सांगू?"

"सांगा की."

"बोटं लांब आहेत तुझी, बासला बरी. पंचम उतरतोय. पण बसतोस मात्र झकास."