भिंत कुणाची, चित्र कुणाचे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोकसहभागातून उभ्या राहणाऱ्या भित्तिचित्रांवरील माझा लेख आपण इतक्या बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: कलाकार आराखडा घरूनच पक्का करून आणतो, परिसरातली माणसे सुट्टीच्या दिवशी येऊन आखलेल्या रेघांच्या आत रंग भरतात, छायाचित्रे निघतात आणि त्या फुकटच्या श्रमाला ‘सहभाग’ हे नाव मिळते, शिवाय अनेक हात लागले की दर्जा उतरतो, म्हणून भिंत एका समर्थ कलाकाराच्या हवाली करावी हे बरे, आणि दोन पावसाळ्यांनंतर पोपडे सुटू लागले की ती भिंत कुणाचीच राहत नाही.

यांतला पहिला आक्षेप मला जवळजवळ पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या लेखातच यायला हवा होता. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात लोकांचे मत विचारणे ही अवघी चौथी पायरी आहे आणि ती नावापुरत्या सहभागातच मोडते, कारण विचारलेले मत मानण्याचे कोणतेही बंधन विचारणाऱ्यावर नसते. हाती नुसता ब्रश देणे तर त्याहूनही खालचे. चित्रात काय असावे, काय नसावे आणि तयार झालेले रेखाटन फेटाळता येईल का, हे जिथे ठरते तिथे लोक बसलेले नसतील, तर आपण वापरलेला ‘फुकटचे श्रम’ हा शब्दच योग्य आहे.

मात्र रेघांच्या आत रंग भरण्याची पद्धत मुळातच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. फिलाडेल्फियात १९८४ साली सुरू झालेल्या उपक्रमातून वाढलेल्या म्युरल आर्ट्स या संस्थेने हीच पद्धत फार विचारपूर्वक वापरली आहे. तिथे आराखड्याचे चौकोन पाडून ते एका पातळ, न विणलेल्या कापडावर उतरवतात, कुठे कोणता रंग यायचा ते अंकांनी लिहितात, टेबलांवर ते रंगवून घेतात आणि मग कापड ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. त्यामुळे ज्यांना परांचीवर चढणे शक्य नाही त्यांचा हात भिंतीपर्यंत पोहोचतो; ग्रेटरफर्डच्या तुरुंगातील कैद्यांनी रंगवलेले कापडही असेच बाहेरच्या भिंतींवर गेले. अंक घातलेला चौकोन रंगवण्यात काहीही कमीपणा नाही; तो चौकोन कुणी, कुणाला विचारून आखला, एवढेच तपासायचे असते.

त्या विचारण्याला वेळ लागतो. ज्युडी बाका यांनी लॉस एंजेलिसमध्ये पूरपाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर जे काम केले, त्याचे रंगकाम १९७६ ते १९८३ या काळात पाच उन्हाळ्यांत विभागून झाले. २,७५४ फूट लांबीच्या त्या चित्रात चारशेहून अधिक तरुण मुलामुलींनी काम केले. त्यांतली कित्येक कायद्याच्या कचाट्यात सापडलेली होती. त्यांना कामाचा मोबदला मिळत होता, आणि चित्रात कोणता इतिहास यावा यासाठी इतिहासकारांशी व जुन्याजाणत्या माणसांशी बोलणे होत होते. आपण म्हणता तसा एका दिवसाचा कार्यक्रम आणि हे काम या दोहोंना आपण एकाच शब्दाने ओळखतो, हीच खरी अडचण आहे.

दर्जाविषयीच्या आपल्या म्हणण्याशी मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. एका भिंतीसाठी मी बांधकाम करणाऱ्या माणसांचे रेखाटन केले होते. त्यात एक गवंडी ओळंबा धरून भिंतीची उभी रेघ तपासत होता. आकृती चांगली साधली आहे असे मला वाटत होते. रेखाटन पाहायला आलेल्यांमध्ये एक वयस्क गवंडी होते. दोन बैठकांत ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या बैठकीत ते उठून कागदापाशी गेले आणि म्हणाले, “याचा ओळंबा अजून हलतोय आणि हा बघूनही मोकळा झाला.” मग त्यांनी खिशातून दोरी काढली, तिला किल्ल्या बांधल्या, हात वर धरला, एक डोळा मिटला आणि ते थांबले. किल्ल्यांचे झोके लहान लहान होत गेले. तेवढा वेळ त्यांची मान, खांदा, दुसरा हात, सगळे निश्चल होते. मी ती आकृती पुसली आणि त्यांना समोर उभे करून पुन्हा काढली. माझ्या आकृतीत एक काम करणारा माणूस होता, त्यांच्या आकृतीत काम जाणणारा माणूस आला. संपूर्ण भिंतीवर तीच आकृती सर्वांत सरस उतरली, आणि ती मला एकट्याला कधीच साधली नसती.

येथे कलाकाराचे कौशल्य अनावश्यक ठरत नाही. उलट त्याचा कस अधिक लागतो, कारण अनेकांचे सामावून घेईल असा साचा त्याला बांधावा लागतो. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवली गेलेली गोधडी आठवा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर ती प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, हा नियम. त्याच्या आत ज्याने त्याने आपल्या माणसासाठी हवे ते शिवावे. कुठे टाके सफाईदार, कुठे वेडेवाकडे. माप इतके ठाम आहे की हातांमधला फरक दोष वाटत नाही, त्यातून वेगवेगळी माणसे दिसतात. जिथे असा साचाच नसतो आणि ‘वाटेल ते काढा’ म्हणून भिंत मोकळी सोडली जाते, तिथला गोंधळ आपण पाहिला असणार. त्याचा दोष मी हातांना देणार नाही, साचा न देणाऱ्याला देईन.

भिंत एकाच समर्थ कलाकाराला द्यावी, या सूचनेबाबत शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या ‘टिल्टेड आर्क’ या शिल्पाचा विचार करावासा वाटतो. सेरा यांच्या सामर्थ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात १९८१ साली त्यांनी १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी पोलादी वक्र भिंत उभी केली. रोज तो चौक ओलांडणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांना ती वाटेतला अडसर वाटली. १९८५ साली सुनावणी झाली तेव्हा १८० जण बोलले. त्यांपैकी १२२ जण ती राहावी या बाजूचे होते आणि ५८ जण हटवावी या बाजूचे. तरीही १५ मार्च १९८९ च्या रात्री ती कापून हलवण्यात आली. ती हटवणे योग्य होते असे मला वाटत नाही. पण विचारणा काम उभे राहिल्यावर झाली की लोकांच्या हाती ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच उरते, आणि त्या दोन शब्दांत समाजाचे तुकडे पडतात. आपण विचारले आहे की ‘समाज’ म्हणजे नेमके कोण. ते आकडेच सांगतात की समाज एका आवाजात बोलत नाही. म्हणूनच मतभेद कागदावर असतानाच, खोडरबर चालतो तोवर, समोर यावेत असा माझा आग्रह आहे.

राहिला पोपड्यांचा प्रश्न. त्याचे बरेचसे उत्तर रंग लावण्यापूर्वीच ठरलेले असते. भिंतीच्या मागून ओल येत असेल तर वरून कितीही महाग रंग लावला तरी तो टिकत नाही. नव्या गिलाव्याला सुमारे चार आठवडे द्यावे लागतात. गेरूसारखे मातीचे रंग उन्हात टिकतात, तर कित्येक भडक लाल-पिवळे विटतात. हे सांगणे कलाकाराचे काम आहे. त्यापुढची देखभाल मात्र कुणाच्या तरी नावावर, लेखी, आणि पहिल्याच बैठकीत पडायला हवी. वर सांगितलेल्या भिंतीच्या वेळी आम्ही उरलेल्या रंगांचे डबे प्रमाण लिहून तिथल्याच लोकांपाशी ठेवले होते. मुले जिथे पाठ टेकून बसतात तो खालचा पट्टा सर्वांत आधी झिजला, आणि तो माझ्या सांगण्याशिवाय दोनदा रंगवला गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी छटा बदलली. मला ती पूर्वीचीच अधिक आवडत होती, पण तो निर्णय माझा नव्हता.

श्रेयाबाबत आपण लिहिले आहे की भिंतीच्या कोपऱ्यात नाव एकट्या कलाकाराचे असते. माझ्या लेखातील छायाचित्रांखालीही तसेच झाले आहे. काम करणाऱ्यांची संमती घेऊन त्यांची नावे मी तिथे जोडत आहे, आणि आराखडा ठरवण्याच्या टप्प्यावर एक परिच्छेदही लिहून जोडत आहे. तो वाचून आपले मत पुन्हा अवश्य कळवावे.