लॉकर लावा, पण एसटी स्टँडवर लावा

आमच्या लातूरच्या कॉलेज ग्रुपवर परवापासून वाद पेटलाय. एकानं टाकलं की आपल्याकडं पण पार्सल लॉकर पाहिजेत, कुरिअरवाल्यानं कपाटात पार्सल ठेवायचं, मोबाईलवर कोड येतो, आपण जाऊन काढून घ्यायचं. लगेच दोन उत्तरं आली, "आपल्याकडं कोण जातंय उन्हाचं आणायला" आणि "डिलिव्हरीच्या पोरांच्या पोटावर पाय कशाला". मी पोलंडला क्राकूवमध्ये राहतो म्हणून मला टॅग केलं, कारण इनपोस्ट कंपनीनं पोलंडमध्ये 2009 पासून असले लॉकर लावायला सुरुवात केली आणि आता देशात वीस हजारांच्या वर झालेत.

"कोण जातंय" हे वाचून हसूच आलं. अरे बाबांनो, लातूरला शिकायला आलेली कितीतरी पोरं गावाकडून एसटीनं येणाऱ्या डब्यावर जगली की! ड्रायव्हरच्या केबिनमागं वायरच्या पिशव्यांचा ढीग, त्यावर मार्करनं नाव, कुणाच्या डब्यातनं वरणाचा ओघळ, आणि पोरं गाडी लागायच्या आधीच फलाटावर हजर. रोजच्या वाटेवर असलं की माणूस जातो. क्राकूवमध्ये पण लोक बर्फात जातातच, कारण लॉकर ट्रामच्या स्टॉपजवळ, किराणा दुकानाच्या भिंतीला असतो, सहा आकडी कोड टाकला की दार फटकन उघडतं. 48 तासांत नेलं नाही तर पार्सल परत.

डिलिव्हरीच्या पोरांच्या रोजगाराचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. एका ठिकाणी ढीगभर पार्सलं टाकता आली की कंपनी पार्सलमागचा रेट पाडणारच, त्यात शंका नाही. पण आज काय होतंय ते पण बघा ना, "मारुती मंदिराच्या मागं, निळं गेट" असल्या पत्त्यावर तीन फोन, घरी कुलूप, फेरी वाया, आणि पेट्रोल त्याच पोराचं. डाक खात्यानं 2025 मध्ये डिजिपिन आणलं, साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला एक कोड, पण कोडनं कुलूप थोडंच उघडतंय.

खरी भीती वेगळी आहे. इथं क्राकूवमध्ये एकाच दुकानासमोर पिवळा लॉकर इनपोस्टचा, शेजारी लाल दुसऱ्याचा, त्याच्या पुढं तिसऱ्याचा, ज्याचा त्याचा वेगळा ॲप. फुटपाथ रुंद आहेत म्हणून खपतं. लातूरच्या भर बाजारात, गंजगोलाईत हे केलं तर माणसानं चालायचं कुठनं? सिंगापूरनं शहाणपणा केला, सरकारी पैशातनं पिक नावाचं एकच जाळं उभं केलं आणि वेगवेगळ्या कुरिअर कंपन्यांना त्यात ठेवायची मुभा दिली. हे मला पोलंडपेक्षा पटतं.

शिवाय आपल्या मे महिन्यात पत्र्याचं कपाट उघड्यावर ठेवलं की तवा होतो, आत औषध असलं तर संपलंच. म्हणून छप्पर, वीज आणि रात्रीची वर्दळ असलेली जागा पाहिजे, म्हणजे स्टँड, नाहीतर ट्युशन एरियातली हॉस्टेलं, जिथं आत्ता सगळ्या पार्सलांचा हिशोब वॉचमनच्या डोक्यात असतो. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना लॉकर आवडायचा नाही, त्यांना पोरासमोर पुडा फोडून बघायचा असतो, त्यांचं घरपोच चालू ठेवा किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला पार्सलमागं काहीतरी द्या, तो आत्ताही फुकटात ठेवूनच घेतो.

एसटी महामंडळानं जागा भाड्यानं द्यावी, फक्त एका कंपनीच्या नावावर देऊ नये, एवढी अट टेंडरमध्ये पाहिजे.